दहा लाखाचे सहा कोटी!

जानेवारी २०२२ मधली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी गावाचं नाव अचानक सगळ्या मराठी चॅनेल्सवर झळकायला लागलं. एरवी बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ, ज्वारीची नि तुरीची बाजारपेठ, फार तर ती जुनी बार्शी लाइट रेल्वे एवढंच बाहेरच्यांना आठवतं. ह्यावेळी कारण वेगळं होतं. शेअर बाजारात 'अल्गो ट्रेडिंग' करून भरमसाट परतावा देतो असं सांगून विशाल फटे नावाच्या तरुणानं गावातल्या लोकांकडून कोट्यवधी रुपये गोळा केले आणि तो गायब झाला, अशी फिर्याद दाखल झाली होती. मग त्याचा यूट्यूबवर एक व्हिडिओ आला (मी पळालेलो नाही, सगळ्यांचे पैसे देईन वगैरे) आणि १७ जानेवारीला तो सोलापुरात पोलिसांसमोर हजर झाला. त्यानंतर तक्रारदारांची रांग वाढतच गेली.

त्याच्यावरचे आरोप खरे की खोटे हे ठरवणं कोर्टाचं काम, आपण त्यात पडायला नको. मला इंटरेस्ट आहे तो पैसे देणाऱ्यांमधे. कारण तेव्हाच्या बातम्यांत एक ऑफर सारखी येत होती, ती वाचून माझ्यातला प्रोग्रॅमर उडालाच. वर्षाच्या सुरुवातीला दहा लाख भरा, वर्षअखेर सहा कोटी घ्या!

चला, आधी गणित करून टाकू. सवयच आहे.

दहा लाखाचे सहा कोटी म्हणजे साठपट. महिन्याला साधारण ४० टक्के, तेही चक्रवाढीनं. आता असं जर खरंच जमत असेल तर दुसऱ्या वर्षाअखेर त्या दहा लाखांचे ३६० कोटी होतात. तिसऱ्या वर्षी २१,६०० कोटी. चौथ्या वर्षी जवळजवळ १३ लाख कोटी. आणि पाचव्या वर्षी ७७७ लाख कोटी, म्हणजे २०२१-२२ मधल्या अख्ख्या भारताच्या जीडीपीच्या तिपटीपेक्षा जास्त! बार्शीत बसून, एका लॅपटॉपवर. ज्याच्याकडे असा प्रोग्रॅम असेल तो तुमचे-आमचे दहा लाख मागत कशाला फिरेल? पहिले दहा लाख कुठून तरी उसने घेईल नि पुढं कुणाचं तोंड बघणार नाही.

हे गणित आठवीतलं पोरगंही करू शकतं. बार्शीत व्यापारी आहेत, प्राध्यापक आहेत, रोज व्याजाचा हिशोब करणारी माणसं आहेत. त्यांना हे जमलं नसेल? अर्थातच जमलं असतं. मग प्रश्न असा की ते केलं का नाही?

ह्यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: हाव. "लोकांना फुकटचं पाहिजे असतं, बरं झालं बुडाले." ऑफिसच्या कॅन्टीनमधे तेव्हा हेच ऐकलं. मला हे उत्तर पटत नाही. चूक आहे म्हणून नव्हे, तर त्यातून काहीच कळत नाही म्हणून. हाव तर नेहमीच असते. पण असल्या स्कीम्स सगळ्या काळात सारख्या फोफावत नाहीत. काही विशिष्ट वर्षांत त्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवतात. का, ते शोधायला थोडं मागं जावं लागतं.

चांगल्या दिवसांतली फसगत

पहिला मुक्काम मुंबई, १८६१ ते १८६५. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा नुसता पूर. इतका पैसा ठेवायचा कुठं? मग बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या योजना निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे ह्या सगळ्याचे सम्राट. एप्रिल १८६५ मधे युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला वायदे पुरे करायचा दिवस आला तेव्हा निम्मी मुंबई दिवाळखोर निघाली. जुनी बँक ऑफ बॉम्बे ह्यातच खचली आणि १८६८ मधे गुंडाळावी लागली.

ही झाली सुबत्तेतली फसगत. इथं हाव हे उत्तर बऱ्यापैकी लागू पडतं. पण पुढं बघा. मुंबईचे शेठ बुडाले तसा देशावरचा कापूसवाला शेतकरीही बुडाला. पिकाचा भाव पडला, सारा मात्र तेवढाच, आणि सावकाराचं कर्ज डोक्यावर. त्यातून १८७५ मधे पुणे नि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या नि खतं जाळली गेली, सुप्यात सुरुवात झाली. पाठोपाठ १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ. १८७९ मधे सरकारनं शेतकऱ्यांसाठी डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट केला, तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा, नगर यांच्याबरोबर आपलं सोलापूरही होतं.

आता ह्यात गंमत अशी की (गंमत कसली म्हणा) इतक्या वाईट काळात ह्या शेतकऱ्यांना कुणी 'पैसे दुप्पट' स्कीम विकायला आलं नाही. का? कारण त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतंच! होतं ते फक्त कर्ज. बचत बुडवायची तर आधी बचत लागते. म्हणजे नुसती गरिबी हे ह्या स्कीम्सचं खत नाही. आणखी काहीतरी पाहिजे.

गठ्ठा आहे, पगार नाही

ते 'आणखी काहीतरी' मला सोलापुरातच सापडतं.

सोलापुरात पहिली मोठी गिरणी सुरू झाली १८७७ मधे, ऐन दुष्काळाच्या वर्षांत. तीच 'जुनी मिल'. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. शंभर वर्षं ह्या शहराचं घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चाललं. १९४९ मधे जुनी मिल बंद पडली तेव्हा ती चालू ठेवायला केंद्र सरकारनं जानेवारी १९५० मधे वटहुकूम काढला आणि नंतर ह्या एका कंपनीसाठी खास कायदा केला. त्याविरुद्ध शेअरहोल्डर सुप्रीम कोर्टात गेले, आणि त्या केसेस आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. एक गिरणी बंद पडणं म्हणजे शहरासाठी काय असतं ह्याचा अंदाज ह्यावरून यावा.

नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली, काही वर्षांनी नरसिंग गिरजीही. आणि गिरणी बंद पडते तेव्हा कामगाराच्या घरात एक विचित्र परिस्थिती तयार होते. दर महिन्याचा पगार थांबतो, आणि कधी ना कधी (बहुतेक वेळा फार उशिरा) पीएफ, ग्रॅच्युइटी, देणी मिळून एक रक्कम हातात येते. आयुष्यात कधी एकदम बघितली नव्हती एवढी. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, म्हातारपण, सगळं त्या एका गठ्ठ्यातून निघायचं असतं.

गठ्ठा आहे पण पगार नाही. माझ्या मते सगळी किल्ली इथं आहे.

आपल्यासारख्या पगारदाराला 'वर्षाला सात टक्के' ऐकून काही वाटत नाही, कारण घर पगारावर चालतं आणि व्याज हे बोनस. पण ज्याच्याकडे फक्त तीन लाखांचा गठ्ठा आहे, त्याला सात टक्क्यांनी वर्षाला २१ हजार मिळतात. महिन्याला १,७५०. ह्यात घर चालत नाही. म्हणजे सुरक्षित पर्याय त्याच्यासाठी सुरक्षित नसतोच! तो हळू बुडण्याचा पर्याय असतो. आणि मग कुणीतरी येऊन सांगतं की तीन लाखाला महिन्याला नऊ हजार देतो. महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के, अशक्य आहे, हे गणित आपण करतो. तो वेगळं गणित करतो: 'मला महिन्याला नऊ हजार लागतात.' स्कीमवाल्याचा आकडा बरोब्बर त्या गरजेच्या मापाचा शिवलेला असतो.

१९७९ मधे डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रसिद्ध पेपर लिहिला. त्यातला एक प्रयोग असा. नक्की ३,००० मिळणार, की ४,००० मिळण्याची ८० टक्के शक्यता? शंभरातले ८० जण म्हणाले नक्कीचे तीन हजार द्या. आता उलटं विचारलं. नक्की ३,००० गमावणार, की ८० टक्के शक्यता ४,००० गमावण्याची आणि २० टक्के काहीच न गमावण्याची? सरासरीनं बघितलं तर जुगारात तोटा जास्त (३,२००). तरीही ९२ टक्के लोकांनी जुगार निवडला! म्हणजे फायद्यात असलेला माणूस जपून पावलं टाकतो आणि तोट्यात उभा असलेला माणूस उडी मारतो. एकच माणूस, फक्त उभं राहायची जागा बदलली.

आता हे २०२०-२१ ला लावून बघा. लॉकडाऊनमधे सोलापुरातले यंत्रमाग थांबले, विडी कारखाने थांबले, दुकानांची शटर्स खाली. खुद्द बार्शीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची गिरणी होती, तीही मार्च २०२० मधे थांबली. उत्पन्न गेलं. पण त्याच वेळी गठ्ठे मोकळे झाले, हे आपण विसरतो. सरकारनं पीएफमधून कोविडसाठी पैसे काढायला परवानगी दिली. ऑगस्ट २०२० मधे रिझर्व्ह बँकेनं सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला मुभा दिली. दोन्ही निर्णय अडचणीतल्या लोकांच्या सोयीसाठीच होते, त्यात काही वावगं नाही. रेपो रेट ४ टक्क्यांवर आला, बँकेत वर्षाच्या एफडीला पाच टक्क्यांच्या आसपास मिळायला लागले. आणि शेअर बाजार? २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला होता, २४ सप्टेंबर २०२१ ला त्यानं ६० हजार ओलांडले. दीड वर्षात दुपटीहून जास्त. देशातली डिमॅट खाती मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ मधे जवळपास दुप्पट झाली. ज्याच्या त्याच्या तोंडी आयपीओ.

म्हणजे स्वतःचा धंदा बंद, बँकेत व्याज नाही, हातात थोडा गठ्ठा, आणि शेजारचा सांगतोय की त्याचे पैसे डबल झाले. ह्यातली शेवटची गोष्ट खोटी नव्हती. म्हणूनच ती घातक होती. चांगली थाप नेहमी ऐंशी टक्के खरी असते.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही

ज्याच्या नावानं असल्या स्कीम्स ओळखल्या जातात तो चार्ल्स पॉन्झी १९२० मधे अमेरिकेत बॉस्टनला होता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, महागाई वाढलेली, मंदी लागलेली, बँकेत पाच टक्के. पॉन्झी म्हणाला, ४५ दिवसांत ५० टक्के देतो! परदेशातून स्वस्तात घेतलेली पोस्टाची उत्तर-कुपनं अमेरिकेत वटवायची, हा त्याचा सांगायचा धंदा. कल्पना तशी खरी होती. फक्त त्यानं गोळा केलेल्या पैशांसाठी सोळा कोटी कुपनं लागली असती आणि अस्तित्वात होती सत्तावीस हजारांच्या आसपास. ऑगस्टमधे फुगा फुटला. त्याच्या गिऱ्हाइकांत मोठा भरणा कुणाचा? त्याच्यासारख्याच इटालियन स्थलांतरितांचा आणि पोलिसांचा.

आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या महागाईत कलकत्त्याला 'संचयिता' नावाची फर्म निघाली. पावती १२ टक्क्यांची, पण हातावर मिळायचे वर्षाला ४८ टक्के, नंतर ३६. डिसेंबर १९८० मधे धाड पडली. आणि गंमत बघा, १९७८ मधे केलेला प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदीचा कायदा ह्या फर्मला लागूच होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ मधे सांगितलं. नुसतं जास्त व्याज देणं हे त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हतं.

सगळ्यात भीषण उदाहरण अल्बानियाचं. कम्युनिस्ट राजवट गेली, कारखाने बंद, बँका नावालाच. १९९६ पर्यंत देशातल्या दोन-तृतीयांश लोकांनी पिरॅमिड स्कीम्समधे पैसे घातले होते. लोकांनी घरं विकली, गुरं विकली. स्कीम्सची देणी देशाच्या जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास! १९९७ मधे सगळं कोसळलं, लष्कराची कोठारं लुटली गेली, सरकार पडलं, दोनेक हजार माणसं मेली.

आणि महाराष्ट्रात? २०१२-१३ च्या दुष्काळाच्या सुमारास 'समृद्ध जीवन'चं प्रस्थ जोरात होतं. शेळ्या-म्हशींत पैसे गुंतवा, वाढवून परत देतो. ऑगस्ट २०१३ मधे सेबीनं पैसे गोळा करणं थांबवायचा आदेश दिला, डिसेंबर २०१५ मधे प्रमुख महेश मोतेवारला अटक झाली. २०१४ मधे नाशिकच्या केबीसीचं प्रकरण. २०१९ मधे इस्लामपूरचं कडकनाथ: पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी नि कोंबड्या आम्हीच परत विकत घेऊ. जानेवारी २०२५ मधे दादरच्या 'टोरेस'बाहेर लोकांची झुंबड, तिथं दर आठवड्याला परतावा मिळत होता आणि एक दिवस थांबला.

आता ह्या यादीकडे नीट बघा. दुष्काळी शेतकऱ्याला शेळी आणि कोंबडी विकली. शहरातल्या मध्यमवर्गाला दागिने विकले. २०२१ च्या बार्शीला अल्गो विकलं. प्रत्येक ठिकाणी वस्तू अशी निवडली की जी त्या माणसाला ओळखीची आहे पण पूर्ण कळत नाही.

'अल्गो म्हंजे काय की?'

त्याच सुमारास एका वीकेंडला हुतात्मानं सोलापूरला गेलो होतो. गल्लीतले एक अण्णा आहेत, जन्म यंत्रमागावर गेला. त्यांनी मला अडवलंच.

"काय बे, तू ते कॉम्प्युटरमधेच हाईस न्हवं? ते अल्गो म्हंजे काय की?"

म्हटलं, "अण्णा, तुमच्या मागाला डिझाइनचं कार्ड असतं ना? भोक असेल तसा धागा उचलायचा. तसंच हे. भाव अमुक झाला की घे, तमुक झाला की वीक, असं लिहून ठेवायचं. मशीन तेवढंच करतं."

"मग बुडत न्हाई म्हण की."

"कार्ड चुकलं तर चादर बिघडते की नाही? आणि इथं तर मशीन चुकीची चादर जास्त वेगानं विणतं."

अण्णा हसले. मग हळूच म्हणाले, "पर ते पैसे देतंय म्हणं, बे. माझ्या साडूच्या पावन्याला मिळाल्यात."

बस्स. माझं सगळं टेक्निकल ज्ञान ह्या एका वाक्यापुढं गार. (अण्णांनी पैसे घातले नाहीत. 'असते तर घातले असते' हे वर म्हणाले.)

जाता जाता आपल्या फील्डमधल्या वाचकांसाठी एक मुद्दा. एखादं अल्गो खरंच चालत असेल तरी त्याला क्षमता असते. छोट्या रकमेवर मिळणारा फायदा मोठ्या रकमेवर मिळत नाही, कारण तुमच्याच ऑर्डरनं भाव हलतो. त्यामुळे जो जितके मिळतील तितके पैसे घेत सुटलाय आणि टक्का मात्र तोच ठेवतोय, त्याच्याकडे अल्गो नाही. रजिस्टर आहे.

भिशीचा विश्वास

'पावन्याला मिळाल्यात' ह्या वाक्यात सगळ्या यंत्रणेचं इंजिन आहे. पहिल्या लोकांना खरोखर पैसे मिळतात! नव्यांकडून घेतलेल्यातून जुन्यांना. आणि मिळालेला माणूस एजंट नसतो, तो फसवत नसतो, तो आनंदानं खरं तेच सांगत असतो. पुढं तो स्वतःच मुद्दल न काढता आणखी भर घालतो, म्हणून स्कीमला प्रत्यक्षात फार थोडेच पैसे द्यावे लागतात.

आपल्या गावांत ह्याला आयती जमीन मिळते ती भिशीमुळे. सोलापुरात गल्लोगल्ली भिशी चालते, बायकांची, व्यापाऱ्यांची, माग कामगारांची. भिशी हा प्रामाणिक प्रकार आहे. वीस जण, प्रत्येकी हजार, दर महिन्याला एकाला वीस हजार. त्यात पैसे वाढत नाहीत, फक्त फिरतात. कागद नसतो, पण सगळे एकमेकांना ओळखतात, चुकवलं तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. बँक ज्यांना दारात उभं करत नव्हती त्यांची लग्नं, आजारपणं भिशीनं काढली. स्कीमवाला हाच विश्वास उचलतो आणि वर एक अशक्य टक्का चिकटवतो. भिशीत वीस माणसं डोळ्यासमोर असतात, ह्याच्यात पैसे कुणाकडून कुणाकडे जातायत ते एकट्यालाच ठाऊक.

आणि हे चक्र फार लवकर संपतं. प्रत्येकानं सहा जण आणायचे म्हटलं तर आठव्या पायरीला सोळा लाख ऐंशी हजार नवी माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्याच साडेनऊ लाख होती. म्हणजे तान्ह्या पोरासकट सगळं सोलापूर भरती केलं तरी आठवी पायरी पुरी होत नाही.

बँक बुडणं आणि स्कीम बुडणं

"बँका तरी कुठं भरवशाच्या?" हा प्रश्न येणारच, आणि सोलापूरकराला तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. नोव्हेंबर २०२१ मधे, म्हणजे बार्शी प्रकरणाच्या दोन महिने आधी, रिझर्व्ह बँकेनं सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेवर निर्बंध घातले. खात्यातून काढता येणार फक्त एक हजार रुपये! सप्टेंबर २०२२ मधे बँकेचा परवानाच रद्द झाला. ज्यानं शहाण्यासारखं बँकेत ठेवलं त्याचेही अडकले, मग शहाणपणाचा उपयोग काय, असं वाटलं तर त्यात नवल नाही. वाईट काळात सरळ रस्त्यांवरचे खड्डे आडवाटेची जाहिरात करतात.

पण फरक इथंच आहे. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून माणशी पाच लाखांपर्यंत. त्रास होतो, वेळ जातो, पण लहान ठेवीदाराचे पैसे परत येण्याची एक वाट कायद्यानं बांधलेली आहे. स्कीम बुडाली की अशी वाट नसते. महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करून लिलाव करता येतो. पण तो प्रामुख्यानं पैसे बुडवल्यावर जागा होणारा कायदा. २०१९ मधे केंद्राचा नवा कायदा आला, त्यात परवानगीशिवाय ठेवी मागणं हाच गुन्हा झाला. कागदावर उत्तम. पण हप्ता वेळेवर मिळतोय तोवर तक्रार करणार कोण? आणि हप्ता थांबतो तेव्हा लिलावात काढायला उरतं काय?

मग करायचं काय?

हे वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच, पुण्यात-बंगलोरात पगारावर जगणारे. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील गावी आहेत, आणि आज ना उद्या त्यांच्या हातात गठ्ठा येणार आहे. पीएफचा, जमिनीचा, घर विकल्याचा. ती वेळ धोक्याची. त्यांना 'हावरट होऊ नका' असं सांगण्यात काही अर्थ नाही. बसून एकच हिशोब करा: महिन्याला लागतात किती, आणि त्यातले किती येतात. जो खड्डा दिसेल तो आधी बुजवा. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, ज्येष्ठ नागरिक बचत योजना (तिची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लाख झाली आहे) ह्या कंटाळवाण्या गोष्टी आहेत, पण ठरलेल्या तारखेला पैसे देतात. तरीही कमी पडत असेल तर उरलेलं आपण दर महिन्याला पाठवायचं. सरळ पाठवायचं, त्यांनी मागायची वाट न बघता. महिन्याचा खड्डा बुजलेला माणूस उडी मारत नाही.

आणि दुसरं. कुणी फसलाच, तर त्याला 'बरं झालं' म्हणू नका. ह्या धंद्याचा एक पाय विश्वासावर असतो, दुसरा लाजेवर. बुडालेला माणूस लाजेनं गप्प बसतो, पोलिसात जात नाही, भावालाही सांगत नाही, आणि तेवढ्या वेळात पुढच्या गल्लीत पन्नास जण भरती होतात. आपण कॅन्टीनमधे हसतो ना, त्याचा फायदा थेट स्कीमवाल्याला मिळतो.

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीबरोबर हेही विचारा, की सध्या गल्लीत कुणाला कशातून पैसे मिळतायत? उत्तर यायला वेळ लागला, तर जरा जास्त वेळ बोला.